डाख : बारामती-इंदापुरातल्या गळक्या टाक्यांची गोष्ट

ट्रॅक्टर घरी आला त्या दिवसाचा फोटो बागायती गावांतल्या पुष्कळ घरांत सापडतो. बॉनेटवर झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि सीटवर बसवलेलं घरातलं सगळ्यात लहान पोर. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांचा फोटो मात्र कुणी काढत नाही. इतिहासाच्या साधनांचंही तसंच आहे. कारखान्यांचे अहवाल, बँकांच्या कर्जाच्या नोंदी, कंपन्यांच्या जाहिराती हे सगळं ट्रॅक्टर आला त्या दिवशीचं. तो पुढे कसा जगला आणि त्याला कुणी जगवलं, याचा कागद नाही.

त्या मधल्या वर्षांचा माग काढायचा तर मी इंजिनाऐवजी डिझेलच्या टाकीकडे बघेन. इंजिनाचा ठोकळा बिडाचा असतो, तो दोन पिढ्या टिकतो. गिअरबॉक्सही टिकतो. टाकी पातळ पत्र्याची. ती आधी कुजते. शिवाय टाकी फुटली म्हणून कुणी ट्रॅक्टर मोडीत काढत नाही, आणि गळती घेऊन तो चालवताही येत नाही. म्हणजे टाकी कुणाकडे तरी न्यावीच लागते. बारामती-इंदापुरात ती कुणाकडे नेली जात होती, याचं उत्तर शोधायला गेलं की साखर, सहकार आणि धरणं यांच्या नेहमीच्या इतिहासात न बसणारी काही माणसं भेटतात.

आधी टाकी गळते का ते बघू. जुन्या बहुतेक ट्रॅक्टरांत ती बॉनेटखाली, इंजिनाच्या वरच्या अंगाला, लोखंडी पट्ट्यांनी आवळून बसवलेली असे. पट्ट्यांखाली रबराची किंवा नमद्याची पट्टी असते. ती झिजून पडली की लोखंड लोखंडावर घासू लागतं. ढेकळांतून नांगर ओढताना बसणारे हादरे महिनोन्‌महिने एकाच जागी पडतात आणि पट्ट्याच्या कडेशी पत्रा चिरतो. ही झाली बाहेरून होणारी इजा. खरा रोग आतून लागतो. दिवसभर काम करून अर्धी रिकामी झालेली टाकी रात्री गार पडते, आतल्या हवेतली वाफ पत्र्याच्या आतल्या अंगाला धरते आणि थेंब थेंब खाली उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसतं आणि तिथेच गंज धरतो. त्या काळी गावोगाव पंप नव्हते. डिझेल दोनशे लिटरच्या बॅरलमधून घरी आणून ठेवायचं आणि नळी तोंडाने ओढून टाकीत सोडायचं, ही रीत. बॅरल अंगणात उघड्यावर, त्याच्या बुचाभोवती पावसाचं पाणी साचलेलं. म्हणजे टाकीत पडणाऱ्या डिझेलबरोबरच थोडं पाणी आणि थोडी माती जाणार. टाकीखालच्या काचेच्या वाटीत हे पाणी वेगळं दिसतं. रोज सकाळी ते सोडून द्यावं आणि संध्याकाळी टाकी भरून ठेवावी, असं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असे. पुस्तिका इंग्रजीत असे, आणि संध्याकाळी टाकी भरून ठेवण्याइतके पैसे रोज कुणाच्या खिशात असतात?

आता ट्रॅक्टर इथे आला कसा, ते. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात, नीरेचा डावा कालवा पुरंदर-बारामती-इंदापुरातून खणला गेला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस भाटघरचं नवं, उंच धरण झालं आणि कालव्याच्या पाण्याची शाश्वती वाढली. सासवडकडचे माळी बागायतदार पाण्यामागोमाग खाली सरकले, उसाची गुऱ्हाळं उभी राहिली. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर मोठा मळा उभा केला. १९३० च्या दशकात तिथे साखर कारखाना निघाला आणि त्या जागेचं नाव वालचंदनगर पडलं. डोनाल्ड ॲटवूड या मानववंशशास्त्रज्ञाचं १९९२ साली आलेलं ‘रेझिंग केन’ हे पुस्तक या कालव्यावरच्या ऊसपट्ट्याबद्दल आहे. ज्यांना शेतकरी, पाणी आणि सहकार यांचं नातं समजून घ्यायचंय त्यांनी ते वाचावं. माझा विषय त्याहून बराच लहान आहे.

ऊस म्हणजे खोल नांगरट. भारी काळ्या रानात लोखंडी नांगराला बैलांच्या तीन-चार जोड्या लावाव्या लागत. त्या जोड्या ज्याच्या दावणीला आहेत तो मोठा, ज्याच्याकडे नाहीत त्याने सावड करायची. या नांगराभोवती एक दुरुस्तीचं जगही होतं. फाळाला पाणी देणं, वसू ठोकणं, मोडलेला दांडा बदलणं ही लोहार-सुताराची बलुत्याची कामं. लोखंड तापवायचं, ठोकायचं, विझवायचं. लोहाराच्या ज्ञानात जाड लोखंड होतं. पातळ पत्रा नव्हता. हे लक्षात ठेवू, कारण पुढे गळकी टाकी घेऊन शेतकरी आधी लोहाराकडेच जाणार आहे आणि लोहार तिला हात लावणार नाही.

वालचंदनगरसारख्या मळ्याला ही अडचण कमी होती, कारण कारखान्याला लागून कारखान्याचंच वर्कशॉप. तिथे लेथ होते, फिटर होते, पत्र्याचं काम करणारी माणसं होती. बिघडलेला सुटा भाग कुणाच्या दारात न्यावा लागत नसे. १९६१ च्या जमीनधारणा कायद्यानंतर खासगी साखर कंपन्यांचे असे मळे सरकारकडे गेले आणि त्यांच्यासाठी १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ निघालं. वालचंदनगर आणि रत्नपुरी हे त्याचे इंदापुरातले मळे. इकडे सहकारी कारखाने उभे राहत होते : माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, मग सोमेश्वर. त्यांचे सभासद म्हणजे पाच-दहा-वीस एकरांचे बागायतदार. ट्रॅक्टर आता एका मोठ्या मळ्याच्या शेडमधून बाहेर पडून सुट्या सुट्या वाड्यांवर जाणार होता. त्याच्या पाठीशी वर्कशॉप नव्हतं.

आणि तो ट्रॅक्टर कोणता? स्वातंत्र्यानंतर भारतात ट्रॅक्टर आले ते आधी युद्धातले उरलेले. केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढली ती अमेरिकन सैन्याच्या मागे राहिलेल्या यंत्रांवर. मध्य भारतातलं कांस गवत उपटून पडीक जमीन लागवडीला आणायची, हे तिचं काम. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला दिलेल्या सुरुवातीच्या कर्जांपैकी एक, एक कोटी डॉलरचं, याच यंत्रांसाठी होतं. खासगी शेतकऱ्याला मिळायचे ते आयात केलेले : फर्ग्युसन, फोर्डसन, पुढे रशियन, चेक, पोलिश. देशात पहिला ट्रॅक्टर बनवला आयशरने, फरिदाबादला, १९५९ मध्ये. मग मद्रासच्या टॅफेचा मॅसी फर्ग्युसन, बडोद्याचा हिंदुस्तान, एस्कॉर्ट. मुंबईत कांदिवलीला महिंद्रा आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतला बी-२७५ साठच्या दशकाच्या मध्यात निघू लागला, आणि महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात तो चांगलाच रुळला. १९७१ च्या सुमारास पिंजोरहून एचएमटीचा झेटर आला. त्याला आपल्याकडे ‘झिटर’ म्हणत.

नावं भरपूर, माल थोडा. मागणी इतकी की नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. १९६७ मध्ये सरकारने किमतींवर नियंत्रण आणलं आणि ते १९७४ पर्यंत टिकलं. नियंत्रित किमतीचा अर्थ व्यवहारात काय होतो ते त्या पिढीला सांगायला नको : नवा ट्रॅक्टर मिळत नाही आणि जुना नव्याच्या भावाने विकला जातो. अशा बाजारात कुणी जुनं यंत्र टाकून देत नाही. ज्या मॉडेलचा कारखाना परदेशात बंद झाला, ज्याचा सुटा भाग मुंबईच्या व्यापाऱ्याकडेही नाही, तेही चालवायचंच. नवी टाकी मागवणं हा पर्यायच नव्हता. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारली आणि नशीब असलं तर दुसऱ्या एखाद्या मेलेल्या ट्रॅक्टरची टाकी मिळे. तीही बहुधा गळकीच.

इथे लोहार नाही म्हणाला. टाकी गेली कल्हईवाल्याकडे, नाहीतर डबे-कंदील दुरुस्त करणाऱ्या पत्रेवाल्याकडे.

हे वरवर विचित्र वाटतं. कल्हईवाला म्हणजे घरोघरची पितळी पातेली उजळणारा, बायकांशी घासाघीस करणारा, पिंपळाखाली छोटा भाता मांडून बसणारा फिरता माणूस. त्याचा आणि चेकोस्लोव्हाकियात आखलेल्या यंत्राचा काय संबंध? संबंध धातूचा आहे. कल्हई म्हणजे तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून पृष्ठभाग स्वच्छ करायचा आणि त्यावर कथील फिरवायचं. नवसागर तापला की धातूवरचा मळ, म्हणजे धातू आणि प्राणवायू यांची संयुगं, खातो. त्यामुळे कथील धातूला सरळ चिकटतं. डाख देण्याची क्रियाही नेमकी हीच. फरक इतकाच की डाखेत कथलाबरोबर शिसं असतं आणि ते थर म्हणून न पसरता सांध्यात भरतात. कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ अंशांना. पण सुमारे ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं एकत्र केलं तर मिश्रण १८३ अंशांनाच पाणी होतं. दोन्ही घटकांपेक्षा कमी! हे कोष्टक पत्रेवाल्याला कुणी दाखवलं नव्हतं. डाखेची कांडी वाकवून, तिचा आवाज ऐकून आणि गार होताना ती कशी मंद होते ते बघून तो प्रमाण ओळखत असे.

‘डाख’ हा शब्द आता कानावरून जात चाललाय. पाठ्यपुस्तकी मराठीत डाखकाम, झाळकाम आणि वितळजोडकाम असे तीन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळे असण्याला कारण आहे. डाखकामात जोडायचा पत्रा वितळत नाही, वितळते फक्त मधली डाख. वितळजोडकामात, म्हणजे वेल्डिंगमध्ये, पत्राच वितळवून एकजीव करतात. आपण बोलताना सगळ्यालाच ‘वेल्डिंग मारलं’ म्हणतो. टाकीच्या बाबतीत या दोन शब्दांतलं अंतर माणसाच्या जिवाइतकं आहे. त्याकडे येतोच.

आणखी एक गोष्ट डाखेच्या बाजूने होती. त्या काळच्या बऱ्याच इंधनटाक्या साध्या लोखंडी पत्र्याच्या नसत. पत्र्यावर शिसं आणि थोडं कथील यांच्या मिश्रणाचा मुलामा दिलेला असे, गंज लागू नये म्हणून. म्हणजे विलायतेतल्या कारखान्याने टाकीला आतून-बाहेरून जे लावून पाठवलं होतं ती जवळजवळ डाखच होती, फक्त शिसं जास्त असलेली. पत्रेवाल्याने तापलेला कैया टेकवला की डाख त्यावर अशी पसरायची की जणू ओळख जुनीच. ट्रॅक्टर परका होता, पण त्याच्या टाकीची कातडी कल्हईवाल्याच्या ओळखीची होती. हा योगायोग नसता तर साठ-सत्तरच्या दशकांतली कितीतरी यंत्रं गोठ्यामागे गंजत पडली असती, असं मला वाटतं.

काम कसं चाले ते नीट सांगतो, कारण ते लिहून ठेवलेलं फारसं आढळत नाही. आधी टाकी उतरवायची, डिझेल काढायचं. मग धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने आतून दोन-तीनदा धुवायची. आत गंजाचे पोपडे असतील तर मूठभर खडी किंवा जुने नट टाकून, थोडं पाणी घालून, दोघांनी दोन बाजूंनी धरून टाकी घुसळायची. घुसळल्यावर कधी कधी एकाची चार भोकं होतात. मालक कुरकुरतो, पण ती भोकं आधीच होती, गंजाने बुजलेली होती एवढंच. मग गळती शोधायची. टाकी बाहेरून कोरडी करून तिला चुन्याचा किंवा खडूचा पातळ हात द्यायचा आणि आत थोडं रॉकेल फिरवायचं. रॉकेल पाण्यापेक्षा बारीक फटीतून बाहेर येतं. पांढऱ्यावर काळसर ठिपका उमटला की जागा सापडली.

त्या जागेभोवतीचा रंग खरवडून, कानस आणि पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा. आता तेजाब. बाटलीतलं तेजाब तसंच लावलं तर ते पत्रा खातं, म्हणून त्यात जस्ताचे तुकडे टाकायचे. ते फसफसतं आणि फसफस थांबली की तेजाब ‘मेलं’. जस्त कुठून आणायचं? बॅटरीच्या संपलेल्या सेलचं कवच जस्ताचं असतं. गावातल्या पोरांनी टाकलेले सेल पत्रेवाला गोळा करून ठेवी. मोठ्या भोकाला ठिगळ लागतं. ते डालड्याच्या किंवा गोडेतेलाच्या डब्यातून कापलेलं असे, कारण त्या पत्र्यावर कथलाचा मुलामा आयता असतो. ठिगळाचे कोपरे गोल करायचे, नाहीतर हादऱ्याने कोपऱ्यातून उचलतं. ठिगळाला आणि टाकीला आधी वेगवेगळी डाख चढवायची, मग एकावर एक ठेवून कोळशावर तापवलेला तांब्याच्या तोंडाचा कैया कडेने हळूहळू ओढत न्यायचा. शेवटी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, कारण उरलेलं तेजाब महिन्याभरात नवं भोक पाडतं. चांगल्या आणि वाईट कारागिरातला फरक बहुधा या शेवटच्या फडक्यातच असे.

ज्याला तालुक्याला यायला वेळ नाही त्याच्यासाठी साबण होता. पाचशे एक बारचा तुकडा मऊ करून भोकावर दाबला की गळती थांबते. त्यामागे साधं रसायन आहे : साबण पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये नाही. पावसाळ्यात मात्र दगा देतो. पुढे एम-सील आलं. दोन काड्या मळून गोळी करायची आणि चिकटवायची. हा ब्रँड २००० साली पिडिलाइटने घेतला, पण घेतला तो महिंद्रा समूहातल्या एका कंपनीकडून. म्हणजे बी-२७५ ची टाकी आणि तिच्यावरची गोळी एकाच घराण्यातली! याचा कंपनीने कधी विनोद केला असेल का, कोण जाणे. एम-सील स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर टिकतं. डिझेलने माखलेल्या टाकीवर शेतातल्या शेतात लावलेलं दोन नांगरटीत सुटतं आणि भोकाभोवती एक राखाडी कडं ठेवून जातं. पत्रेवाल्याचा निम्मा वेळ मग ते कडं खरवडण्यात जाई.

गळतीची एवढी फिकीर का? १९७२ च्या दुष्काळात बारामतीच्या सुपे-मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यात जनावरं कवडीमोलाने गेली. बैल गेला त्याला नांगरटीसाठी भाड्याचा ट्रॅक्टर हाच आधार उरला. आणि पुढच्याच वर्षी, १९७३ च्या शेवटी, अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडला. बॅरलमागे तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेल काही महिन्यांत अकराच्या वर गेलं. १९७९-८० मध्ये इराणमधली क्रांती आणि आसामातलं आंदोलन यांमुळे देशभर डिझेल-रॉकेलची टंचाई झाली, पंपांवर कॅन घेऊन रांगा लागल्या. अशा दिवसांत गळतीचा हिशोब करून बघा. डिझेलचे चाळीस-पन्नास थेंब म्हणजे एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसरात्रीचे शहाऐंशी हजार चारशे थेंब, म्हणजे जवळजवळ दोन लिटर. रांगेत उभं राहून मिळवलेल्या कॅनमधलं रोज दोन लिटर मातीत! लोक थेंबाखाली डबा लावून ठेवत आणि सकाळी तो परत टाकीत ओतत. त्या डब्यातली धूळ मग टाकीत जाई, हे आलंच.

त्याच काळात इंदापूरचा उत्तरेकडचा भाग बदलत होता. भीमेवर उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. पळसदेवसारखी गावं पाण्याखाली गेली, पण फुगवट्याच्या काठाने उपसा योजना झाल्या आणि जिथे ज्वारी होती तिथे ऊस आला. कालव्याचा पट्टा जुना, हा नवा. नव्या पट्ट्यात पैसा एकदम आला नाही, म्हणून ट्रॅक्टर आले ते पुष्कळदा जुन्या पट्ट्यातून उतरलेले. सणसर-लासुर्ण्याच्या बागायतदाराने नवा घेतला की त्याचा वीस वर्षांचा जुना भिगवणकडे जाई. टाकीवरची ठिगळं बरोबर घेऊन.

आता त्या दोन शब्दांतलं अंतर. वीज आली तसे रस्त्याकडेला फॅब्रिकेशनचे गाळे उभे राहिले. ट्रॉल्या बनवायच्या, फण ओढून सरळ करायचे, कारखान्याच्या टायरगाड्यांचे साटे जोडायचे. हे काम लोहाराच्या पुढच्या पिढीने घेतलं आणि चांगलं केलं. गॅसची नळकांडी आली. साहजिकच गळकी टाकीही तिथे जाऊ लागली. कैया फिरवत बसण्यापेक्षा दोन मिनिटांत ‘पक्कं’ होतं, आणि ‘डाख कच्ची, वेल्डिंग पक्कं’ असं एक वाक्य रूढ झालं.

ते जाड लोखंडाबद्दल खरं आहे. टाकीबद्दल धोकादायक आहे. डिझेल काडी टाकून पेटत नाही, हा अनुभव प्रत्येकाच्या गाठीशी असतो, आणि त्यातूनच गैरसमज होतो. द्रवावर पेट घेण्याइतकी वाफ ज्या तापमानाला जमते त्याला प्रज्वलनांक म्हणतात. आपल्याकडच्या डिझेलसाठी तो किमान ३५ अंश असावा अशी अट आहे. बारामतीत एप्रिल-मेमध्ये सावलीतच चाळीस असतात आणि उन्हातला पत्रा हाताला सोसवत नाही. म्हणजे रिकामी टाकी रिकामी नसते, तिच्यात वाफ असते. भरलेल्या टाकीपेक्षा ती जास्त घातक, कारण भरलेल्या टाकीत वाफेला आणि हवेला जागाच नाही. तिची वाफ जरी घालवली, तरी दुमडलेल्या शिवणीत आणि गंजाच्या पोपड्यांखाली चमचाभर डिझेल उरतंच. गॅसची ज्योत तीन हजार अंशांच्या पुढची. ती पत्र्यावर टेकवली की ते चमचाभर डिझेल क्षणात वाफ होतं, आतल्या हवेत मिसळतं आणि पेटतं. बंद टाकी मग बॉम्बसारखी फुटते. टाक्या आणि बॅरल जोडताना-कापताना झालेल्या स्फोटांच्या बातम्या आजही देशभरातून येतात. जखमी होणारा बहुधा मालक नसतो. टाकी धरून बसलेला मदतनीस पोरगा असतो.

पत्रेवाला यातून वाचत असे तो काही प्रमाणात त्याच्या हत्यारामुळे. कैयाला ज्योत नसते. पण कैयाही आग लावू शकतो, आणि भट्टी तर शेजारीच पेटलेली असे. म्हणून जुन्या कामाची एक रीत होती : टाकी अशी कलती ठेवायची की भोक सगळ्यात वर येईल, आणि भोकाच्या बोटभर खालपर्यंत आत पाणी भरायचं. बूच उघडं ठेवायचं. पाण्याने वाफेची जागा व्यापली की पेटायला फारसं काही उरत नाही, आणि चुकून पेटलंच तर उघड्या तोंडातून भपका निघून जातो. हीच रीत आज औद्योगिक सुरक्षेच्या पुस्तकांत दिलेली असते. पाणी भरल्यावर पत्रा लवकर तापत नाही, काम रेंगाळतं. कैयाने ते जमवता येतं. घाईच्या गाळ्यात हीच पायरी सर्वांत आधी गळते.

माझा आक्षेप वेल्डिंगला नाही. नीट धुऊन, पाणी भरून टाकी जोडणारे कारागीर या दोन तालुक्यांत नक्कीच आहेत. आक्षेप आहे तो, हत्यार बदललं तेव्हा त्याच्या आधीच्या हत्याराबरोबरची सावधगिरी पुढच्या हातात गेली नाही, याला. जाण्याची वाटच नव्हती. कल्हईवाला आणि फॅब्रिकेशनवाला ही दोन वेगळ्या जातींची, वेगळ्या वस्त्यांची, बरेचदा वेगळ्या धर्मांची माणसं. लोहाराचा मुलगा बापाकडून लोखंड शिकला, आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकला. पत्रेवाल्याच्या दुकानात तो कधी बसला नव्हता. सहकाराने ऊस, दूध, कर्ज आणि पाणी यांच्या संस्था उभ्या केल्या, त्यांचा गौरव योग्यच आहे. पण दुरुस्ती करणाऱ्यांची संस्था, त्यांचं ज्ञान लिहून ठेवणारी, पुढच्याला सांगणारी, कुणाला सुचली नाही. ट्रॅक्टरसाठी कर्ज होतं, कैयासाठी नव्हतं.

कल्हईचा धंदा स्टेनलेस स्टीलने संपवला. त्यातल्या कसबाला रेडिएटरच्या कामाने काही वर्षं जगवलं, कारण रेडिएटर तांब्या-पितळेचे होते आणि नवसागर, कथील, शिसं तेच. मग रेडिएटर ॲल्युमिनियमचे झाले, त्यांना डाख लागत नाही. टाक्या प्लॅस्टिकच्या झाल्या. प्लॅस्टिकची टाकी गंजत नाही, आत पाणी साचलं तरी तिला काही होत नाही, आणि हे चांगलंच आहे. ती चिरली तर बदलायची. शिशाच्या धुरात आयुष्य काढलेल्या कुणालाही त्या धुराची हळहळ वाटू नये. तो धूर फुफ्फुसांत आणि रक्तात जात होता.

जुने बी-२७५ आणि मॅसी मात्र अजून आहेत. नांगरटीला त्यांना कुणी लावत नाही. उन्हाळ्यात जिरायती वाड्यांवर पाण्याचा टँकर ओढायला ते पुरतात. अशा ट्रॅक्टरच्या टाकीवर कधी कधी एकाशेजारी एक तीन पिढ्या दिसतात : डाखेचं गुळगुळीत, रंगाखाली बुजलेलं ठिगळ, त्याच्यावर एम-सीलचं राखाडी कडं आणि बाजूला वेल्डिंगची खडबडीत रेघ. मागचा टँकरही गळत असतोच. तिथे साबण चालत नाही, तो पाण्यात विरघळतो. तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तार आवळतात.